जीनच्या फाटकावर टांगलेला लोहचुंबक

मी लोहचुंबक बोलतोय. नंदुरबारच्या एका जीनच्या फाटकावर सुती दोरीला आडवा टांगलेला, वीतभर पोलादाचा तुकडा. जीन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. वारा आला की मी हलतो. वारा पडला की मी थांबेन, असं तुम्हाला वाटेल. पण तसं होत नाही. थरथरत, इकडे तिकडे झुलत माझं एक टोक सातपुड्याची बाजू शोधत जातं. सातपुडा आमच्या उत्तरेला. तिकडे तोंड झाल्याशिवाय मला राहवत नाही.

या अस्वस्थपणाची मला पूर्वी लाज वाटायची. मी शाळेच्या कपाटात होतो तेव्हा माझ्या शेजारी पितळेचा तराजू होता, काचेच्या नळ्या होत्या. ठेवलं तिथे त्या गप्प राहायच्या. मला मात्र सतत काहीतरी ओढत असायचं. कपाटाची बिजागरी ओढायची, टाचण्यांची डबी ओढायची, आणि कोणी नसलं तर दूरची ती उत्तर ओढायची.

जन्मलो तेव्हा मी असा नव्हतो. पोलादाची एक साधी पट्टी होतो. कारखान्यात माझ्याभोवती तांब्याच्या तारेचे पुष्कळ वेढे घातले आणि तारेतून क्षणभर वीज सोडली. माझ्या पोटात बारीक बारीक कण आहेत. तोवर ते बाजाराच्या दिवशीच्या गर्दीसारखे होते, प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. तारेतून वीज फिरली आणि सगळ्यांनी एकदम एका बाजूला तोंड केलं. मग वीज बंद झाली, तार निघाली. पण वळले ते वळलेच. माझ्या एका टोकाला लाल रंग लावला, दुसऱ्याला काळा. लाल टोक उत्तरेचं.

माझ्यासोबत माझा जुळा भाऊही झाला. आम्हाला एका लाकडी पेटीत शेजारी शेजारी निजवलं, पण उलटसुलट. माझ्या लालजवळ त्याचं काळं. आणि दोन्ही टोकांना मऊ लोखंडाचा एकेक तुकडा आडवा लावला. त्या तुकड्यांना रक्षक म्हणतात. त्यांच्यामुळे आमची ओढ आमच्यातच फिरत राहते आणि ताकद टिकते. त्या पेटीत मी जेवढा शांत होतो तेवढा पुढे कधी झालो नाही.

सन छप्पन्नमध्ये आम्ही नंदुरबारच्या एका शाळेत आलो. तिथे रतिलाल मास्तर विज्ञान शिकवायचे. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याच्या घरचे, अंगाने किरकोळ, खिशात नेहमी दोऱ्याचं रीळ. त्यांनी पहिल्याच दिवशी मला दोऱ्याला टांगलं आणि वर्गाला म्हणाले, "याला कोणी हात लावू नका. बघा हा काय शोधतो ते."

मी हेलकावे घेत घेत थांबलो. मास्तरांनी मला बोटाने वळवलं, मी परत फिरून तिथेच आलो.

"ही धरतीसुद्धा एक मोठा लोहचुंबक आहे," मास्तर म्हणाले. "हा तिचं ऐकतो."

मग त्यांनी भावाचं लाल टोक माझ्या लाल टोकाजवळ आणलं. मी दूर पळालो. काळं आणलं, तर झेपावून चिकटलो. सगळा वर्ग हसला. मला मात्र वाईट वाटलं. सख्खा भाऊ, पण तोंडाला तोंड लावून उभं राहता येत नाही!

"चिकटण्यावर जाऊ नका," मास्तर सांगायचे. "साधं लोखंड दोन्ही टोकांना चिकटतं. चुंबक ओळखायचा तो ढकलण्यावरून. जो ढकलतो तो खरा चुंबक."

दोन वर्षांनी भाऊ टेबलावरून फरशीवर पडला आणि मधोमध मोडला. मला वाटलं, एका तुकड्यात उत्तर गेली, दुसऱ्यात दक्षिण. पण नाही. प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन टोकं, पुन्हा उत्तर आणि पुन्हा दक्षिण. ते दोन तुकडे दुसऱ्या शाळेने नेले. रक्षकही त्यांच्याबरोबर गेले. मी पेटीत एकटा राहिलो आणि हळूहळू माझी ताकद झिरपू लागली.

आता मी भटूबद्दल सांगतो, कारण मी या फाटकावर आहे तो त्याच्यामुळे.

रतिलाल मास्तर जीनच्या मागच्या आळीत भाड्याने राहत. शेजारच्या खोलीत भटू होता. जीनमध्ये चार नंबरच्या मशीनवर कापूस घालायचं काम तो करी. हे काम डोळ्यांत तेल घालून करायचं. समोर चामड्याचे रूळ फिरत असतात, त्यांच्या तोंडाशी पोलादी सुरी वरखाली होत असते. रुई, म्हणजे सरकी निघालेला कापूस, रुळावरून पलीकडे जाते, सरकी खाली पडते. कापूस पुढे ढकलणाऱ्या हाताचं लक्ष चुकलं तर बोटं जातात.

एकसष्टच्या माघात चार नंबरला दोनदा आग लागली. आग मोठी नव्हती. सुरीपाशी ठिणगी उडाली, रुई धुमसली, लोकांनी ओली पोती टाकून विझवली, जळका कापूस ओढून आवारात फेकला. पण जीनमध्ये आगीचं नाव जरी निघालं तरी माणसांचे चेहरे उतरतात. रुईचे ढीग छपरापर्यंत गेलेले असतात.

करमसिंग मुकादम होता. आवाज मोठा, मिशा मोठ्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने भटूला फाटकापाशी उभं केलं आणि अहिराणीत दरडावलं.

"चार मशीनी शेतस. आग तुन्हीच मशीनवर का बरं लागस? बिडी वढस का नही, सांग!"

"मायनी आन, मुकादम. बाप मरना तवयपासून बिडीले हात लायेल नही."

"मंग काय कापूसच बिडी वढस?" लोक हसले. करमसिंग हसला नाही. "आखो एकदाव धूर दिखना ना, तर तू आनि तुन्ही पिशी फाटकबाहेर. आनि कोन्हीच जीनवाला तुले दारमा उभा करनार नही. आगलाव्या म्हनतीन."

भटू मास्तरांकडे आला तेव्हा तो शब्द त्याला खात होता. काम गेलं तर दुसरं मिळेल, पण असं नाव एकदा चिकटलं तर निघत नाही.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दोन्ही वेळा कोणाचा कापूस होता?"

"आमना गावना. गावनी गाडी उनी का मी मन्हा मशीनवरच लेस. आपला मानसेसना कापूस, जपीसन काढाले पाहिजे ना, गुरुजी?"

मास्तर म्हणाले, "पोलादाच्या सुरीवर कापूस आपटून ठिणगी पडत नाही, भटू. लोखंड आपटलं तर पडते. त्या कापसात लोखंड असणार."

दुसऱ्या दिवशी ते मला पेटीतून काढून जीनमध्ये घेऊन गेले. करमसिंगने मला पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शाळा सुटनी वाटतं, मास्तर? आते आम्हले शिकाडशात का?"

"शिकायला वय नसतं, मुकादम. तुम्ही पुढच्या बाकावर बसा," मास्तर म्हणाले.

भटूच्या गावाहून आलेल्या कापसाचा ढीग छातीएवढा होता. मास्तर मला त्या ढिगात खुपसत, फिरवत राहिले. मुलांनो, मी तुमच्यापाशी खरं सांगतो. मला तिथे काहीतरी आहे असं वाटत होतं, पण मी पोचू शकत नव्हतो. आमची ताकद टोकांना असते, आणि अंतर वाढलं की ती झपाट्याने ओसरते. दोन बोटांवर मी राजा; वीतभर दूर मी कोणीच नाही. त्यात भाऊ गेल्यापासून मी अर्धा झालेला. तासभर मी त्या ढिगात तडफडलो आणि रिकामा बाहेर आलो.

"सापडनं का सोनं?" करमसिंग म्हणाला. भटू खाली मान घालून कापूस गोळा करत होता.

घरी आल्यावर मास्तरांनी मला टेबलावर ठेवलं. माझ्यावर पुठ्ठा ठेवला, पुठ्ठ्यावर टाचणी. मला सरकवलं की वरची टाचणी माझ्यामागे धावायची. पुठ्ठा आड येत नव्हता. लाकडी पट्टी ठेवली, तीही आड आली नाही. मास्तर एकदम उठून उभे राहिले.

"आपण चुकलो," ते मला म्हणाले. मला म्हणाले की स्वतःला, देव जाणे. "याने लोखंडाकडे जायचं नाही. लोखंडाला याच्या अंगावरून जायला लावायचं."

मशीनच्या तोंडाशी एक लाकडी फळी असते. भटू तिच्यावरून कापूस थोडा थोडा, पातळ करून पुढे सारतो. मास्तरांनी मला त्या फळीखाली सुतळीने बांधलं. करमसिंगने कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही. आता सगळा कापूस माझ्यापासून बोटभर अंतरावरून जाणार होता.

दुपारी गावाहून गाडी आली. आज गाडीवर भटूची आई दगूबाई बसली होती. पोराच्या मशीनला आग लागते हे गावात कळलं होतं, म्हणून ती पहाटेच निघाली होती. पदराखाली भाकरीचं गाठोडं.

"भटू, जेवनास का रे? तोंड कसं सुकी गयं!"

"माय, तू तठे दूर उभी ऱ्हाय. आठे मशीन शे."

ती दूर गेली नाही. खांबाला धरून मुलाच्या हातांकडे बघत राहिली. भटू कापूस सारत होता. पांढरा कापूस माझ्यावरून जात राहिला, ढगासारखा, आणि मला काहीच लागत नव्हतं. मग कुठूनतरी एक ओळखीचा झटका आला. कापसातून काहीतरी माझ्याकडे झेपावलं. टक्. फळीवर आवाज झाला.

भटूने हात आखडला. कापूस बाजूला केला. फळीला एक खिळा चिकटून उभा होता. बैलाच्या नालेचा, चपट्या डोक्याचा. त्याला कुंकू लावलेलं होतं आणि काळा दोरा गुंडाळलेला होता.

करमसिंग पुढे आला. खिळा ओढून बघितला, पण तो सहज सुटेना. म्हणून त्याने सुतळी कापून मलाच फळीखालून काढलं आणि सुटलेला खिळा मला चिकटवून वर धरलं. "हाई कोन टाकं? मुद्दाम टाकेल दिखस. दोरा बांधेल शे!"

भटूने तो दोरा पाहिला. तीन गाठी आणि मध्ये एक फास. लहानपणी त्याच्या मनगटावर तशाच गाठी असत. त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. आपलं नाव वाचवायला त्याला एक शब्द पुरला असता. तो बोलला नाही.

"तो खिया मन्हा शे," दगूबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती खांब सोडून पुढे आली. "मीच टाकेल व्हता, मुकादमभाऊ. आमनी गल्लीनी गाडी भरनी का मी टाकस. मन्हा पोऱ्या दिवसभर त्या सुरीजोडे हात घालस. त्याले कोन्ही नजर नको लागाले, म्हनीसन. लोखंड ऱ्हायनं का नजर भिडत नही." मग तिने करमसिंगच्या हातातल्या खिळ्याकडे नीट पाहिलं आणि तिचा आवाज एकदम चिरकला. "आनि तो दुसरा कथा गया? दोन शेतस रे भटू! एक गाडीना, एक तुन्हा!"

इंजिन चालूच होतं. मशीन चालवणारा पट्टा फिरत होता. मी करमसिंगच्या हातात, आणि फळीवरचा उरलेला कापूस मशीनच्या हादऱ्यांनी पुढे सरकत रुळाच्या तोंडाशी गेलेला. भटूने वळून पाहिलं तेव्हा त्या कापसात काळा दोरा दिसत होता.

त्याने हात पुढे केला. उघडा हात. दगूबाई ओरडली. मग काय वाटलं कोणास ठाऊक, हात मागे घेऊन त्याने करमसिंगच्या मुठीतून मला हिसकावलं आणि मला पुढे घातलं.

खिळा माझ्याकडे उडाला. त्याच क्षणी सुरी खाली आली आणि माझ्या कोपऱ्यावर बसली. जिथे त्याची बोटं असती तिथे. मोठी ठिणगी उडाली. कापूस पेटला, मी भटूच्या हातून सुटून त्यातच पडलो.

"पट्टा उतरवा! पट्टा!" मास्तर ओरडत होते. पोती पडली, बादल्या आल्या. पेटलेला कापूस फावड्याने ओढून आवारात फेकला आणि त्याच्याबरोबर मलाही. वरून आणखी जळका कापूस पडत गेला. तो ढीग संध्याकाळपर्यंत आतून धुमसत होता आणि मी त्याच्या पोटात होतो.

लोखंडाला आच लागली की कणांची शिस्त मोडते. माझ्या आतले, इतकी वर्षं एका दिशेने तोंड करून उभे असलेले कण पुन्हा भांबावले. एकेक जण ज्याला जिकडे वाटलं तिकडे वळला. आणि ओढ संपली. उत्तर गेली, सातपुडा गेला. जन्मात पहिल्यांदा मला स्वस्थ वाटलं.

मुलांनो, ते स्वस्थपण फार वाईट होतं. त्या दिवसापासून मी माझ्या थरथरण्याला नावं ठेवली नाहीत.

बाहेर काय चाललं होतं ते मी ढिगातून ऐकत होतो. करमसिंगने आग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, ठिणगी हातभर अंतरावरून पाहिली होती.  मग दगूबाईजवळ खाली उकिडवा बसला. ती डोकं धरून बसली होती.

"माय, मन्ही मायबी धान्यना ढीगमा कोयसा नि खिया ठेवे. तू रडू नको." मग भटूला म्हणाला, "मी तुले चार मानसेसमा बोलनू. चार मानसेसमाच सांगस, मन्हं चुकनं. सकाय येयवर ये. चार नंबर तुन्हीच."

संध्याकाळी मास्तरांनी मला राखेतून उचललं. रंग जळालेला, कोपऱ्यावर सुरीचा घाव. टाचणी जवळ धरली. ती पडली.

"मरना का हाऊ?" दगूबाईने विचारलं.

"निजलाय म्हणा," मास्तर म्हणाले. शाळेच्या वहीत त्यांनी मला 'निकामी' म्हणून लिहिलं आणि त्याच आठवड्यात एका ट्रकची बॅटरी मागून आणली.

तो तास मला आठवतो. भटू आला होता, दगूबाई मागच्या बाकावर पदर सावरून बसली होती. मास्तरांनी आधी एका साध्या खिळ्याभोवती तार गुंडाळली. तांब्याची तार, तिच्यावर सुती धाग्याचं वेटोळं. वीज एका वेढ्यातून मधूनच दुसऱ्यात उडू नये म्हणून. तारेची दोन टोकं बॅटरीच्या दोन टोकांना लावली. वाट पुरी झाली, वीज फिरली, आणि खिळ्याने मूठभर टाचण्या उचलल्या. एक टोक सोडलं, वाट तुटली, टाचण्या गळून पडल्या.

"लोखंड विसरतं," मास्तर म्हणाले. "वीज गेली की ओढ गेली. पोलाद विसरत नाही. आता याला बघू."

तीच तार माझ्याभोवती गुंडाळली. टोक लावलं. क्षणभरच. आत सगळे पुन्हा दचकून वळले आणि उभे राहिले. तार काढली. मास्तरांनी मला दोऱ्याला टांगलं. मी हललो, फिरलो, थरथरलो.  मी सातपुड्याकडे वळलो आणि थांबलो.

पण उलटा. घासून काढल्यावर थोडा लाल रंग जिथे उरला होता ते टोक दक्षिणेला, आणि काळं टोक उत्तरेला.

मुलं हसली. मास्तरही हसले. "माझीच चूक. तारेची टोकं उलटी लागली. वीज उलट फिरली की उत्तर-दक्षिणही उलटते. ही चूक तुम्ही विसरू नका, म्हणजे धडा झाला."

दगूबाई उठली. तिने खिळ्यांसाठी कनवटीला ठेवलेली कुंकवाची डबी काढली आणि माझ्या काळ्या टोकाला कुंकवाचं बोट लावलं. "आते हाई तुन्हं लाल," ती मला म्हणाली. "यानी मन्हा पोऱ्याना हात वाचाडा."

मला फाटकावर टांगायची कल्पनाही तिचीच. करमसिंग म्हणत होता, आजपासून कापसात खिळा टाकाल तर गाडी परत. बाया कुरकुरल्या. पोराबाळांची, पिकाची नजर कशी काढायची? दगूबाई म्हणाली, "टाकानं कशाले? दारवर यानाजोडे ठेवा. हाऊ वढी लेस." तेव्हापासून गाड्या आल्या की बाया खाली उतरतात, कापसावरून खिळा उतरवतात आणि मला चिकटवतात. एक खिळा मला, दुसरा खिळ्याला, तिसरा त्या दुसऱ्याला. हंगामात माझ्या दोन्ही टोकांना दाढ्या लोंबतात. मला काय नजरेतलं कळतं? पण त्यांच्या हातातलं काळजीचं लोखंड मी घेतो, एवढं नक्की. त्या वर्षापासून चार नंबरला ठिणगी पडलेली नाही.

आता अडुसष्ट साल चालू आहे. मास्तरांची बदली झाली. करमसिंगच्या मिशा पांढऱ्या झाल्या. गेल्या साली कार्तिकात दगूबाई शेवटची आली. गाडीतून तिला उतरवावं लागलं. तिने तीन गाठींचा खिळा मला लावला, भटूच्या हातावरून हात फिरवला आणि गेली. फाल्गुनात ती वारल्याचं गाडीवाल्यांनी सांगितलं.

मुलांनो, तुमच्या शाळेत माझा कोणी भाऊ असेल. त्याला आपटू नका, तापवू नका. एकटा असेल तर त्याला मऊ लोखंडाचा रक्षक द्या. आणि दोऱ्याला टांगल्यावर तो थरथरू लागला तर बोट लावून थांबवू नका. त्याचं त्याला शोधू द्या.

भटू रोज संध्याकाळी फाटकापाशी येतो आणि दिवसभराचे खिळे ओढून डब्यात टाकतो. माझा एकेक खिळा सुटतो. एकच तो राहू देतो, तीन गाठींच्या काळ्या दोऱ्याचा. नालेचा खिळा मऊ लोखंडाचा असतो. माझ्या अंगाला आहे तोवर तोही चुंबक असतो, धाकटे खिळे उचलतो. काढला की सगळं विसरतो.

म्हणून भटू तो काढत नाही.